मुळांना फाटे फोडणारे सोबती

बाजरी किंवा ज्वारीचे पीक पंधरा-वीस दिवसांचे झाले, की एक काम अवश्य करा. शेताच्या मधल्या भागातले एक रोप निवडा. ते उपटू मात्र नका. उपटले, की जे पाहायचे तेच जमिनीत तुटून राहते. खुरप्याने चारी बाजूंनी वीतभर अंतर सोडून माती सैल करा, ढेकळासकट रोप उचला आणि घमेल्यातल्या पाण्यात तासभर भिजत ठेवा. मग हलक्या हाताने माती सुटू द्या. आपण पिकाची पाने रोज पाहतो, कणीस मोजतो, चाऱ्याची पेंढी तोलतो. पण ज्या मुळावर हे सारे उभे आहे ते मूळ नीट पाहिलेले शेतकरी गावात किती निघतील?

धुतलेले मूळ उजेडात धरले की तीन गोष्टी दिसतात. जाडसर मुळे, त्यांना फुटलेली बारीक उपमुळे, आणि उपमुळांवर लव आल्यासारखे पांढरे धुके. हे धुके म्हणजे केशमुळे. एकेक केशमूळ म्हणजे मुळाच्या सालीवरची एकच लांबट पेशी. आयुष्य थोडे, पण पाणी आणि अन्न ओढण्याचे बरेचसे काम तिच्याकडे. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येते. स्फुरदाचे तसे नाही. तो मातीच्या कणाला चिकटून बसतो, जागचा फारसा हलत नाही. मुळालाच त्याच्या दाराशी जावे लागते. ज्या पिकाला केशमुळे दाट, त्याला तुम्ही दिलेले खत लागू पडते. ज्याला विरळ, त्याचे खत जमिनीत पडून राहते.

आता मुद्द्याचे बोलू. मुळाला उपमुळे किती फुटावीत आणि केशमुळे किती दाट यावीत, हे बियाण्याच्या जातीवर, ओलीवर आणि मातीच्या पोतावर तर ठरतेच. पण त्यात मुळाभोवती राहणाऱ्या जिवाणूंचाही मोठा हात असतो. आणि हा हात ते संजीवकांच्या जोरावर चालवतात.

संजीवके आपल्या ओळखीचीच

संजीवक हा शब्द पुस्तकी वाटेल, पण वस्तू नवी नाही. नाशिक, सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना 'जीए' माहीत नाही असे होणार नाही. घड त्यात बुडवले की मणी लांब आणि मोठे होतात. ते जिबरेलिन नावाचे संजीवक. डाळिंबाची गुटी बांधताना सालीला पूड लावतात, तिच्यात मुळे फोडणाऱ्या ऑक्झिनाच्या जातीचे संजीवक असते. आंब्याची अढी लावली, की एक पिकलेला आंबा शेजारच्या दहांना पिकवतो, तो इथिलीन नावाच्या वायूमुळे. हा वायूदेखील संजीवकच. आणि गव्हातले रुंद पानांचे तण मारायला वापरतात ते टू-फोर-डी हेसुद्धा ऑक्झिनाची नक्कल करणारे रसायन होय. मात्रा थोडी असेल तर ऑक्झिन वाढवते, बेसुमार झाले तर मारते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

संजीवक म्हणजे झाडाचा सांगावा. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. शेंड्याने मुळाला काही कळवायचे तर ते अशा रसायनांच्या अतिसूक्ष्म मात्रांतूनच. हॉलंडमधील फ्रिट्स वेंट यांनी १९२० नंतरच्या दशकात ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून ऑक्झिनाचे अस्तित्व दाखवून दिले. १९३४ साली त्याच देशात कोगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोल अ‍ॅसिटिक आम्ल हे ऑक्झिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. गंमत अशी, की ते त्यांना मिळाले माणसाच्या मूत्रातून! पुढे कळले, की वनस्पतींचे मुख्य ऑक्झिन हेच.

जिबरेलिनाची कथा तर शेतकऱ्याच्या बांधावरची आहे. जपानमध्ये भाताला एक रोग पडे. रोपे भराभरा उंच वाढत, पिवळी पडत आणि लोंबी न धरता पडून जात. तिकडचे शेतकरी त्या रोगाला 'बकाने' म्हणत, म्हणजे खुळे रोप. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवले, की हा रोग करणाऱ्या बुरशीला ज्या पाण्यात वाढवले ते पाणी गाळून, बुरशी काढून टाकून भाताला घातले तरी रोपे तशीच उंच होतात. म्हणजे वाढ बुरशी करत नाही, बुरशीने पाण्यात सोडलेले काहीतरी करते. ते काहीतरी म्हणजेच जिबरेलिन. आजही द्राक्षाच्या बागेत जाणारे 'जीए' बहुधा अशाच बुरशीला मोठाल्या टाक्यांत वाढवून मिळवतात.

तेव्हा डोळ्यांना न दिसणारे जीव झाडाची संजीवके बनवू शकतात, यात नवल करण्यासारखे काही उरले नाही. प्रश्न इतकाच होता, की आपल्या शेतातल्या मातीत, मुळाच्या कुशीत, हे काम भल्यासाठीही चालते का?

बाजरीच्या मुळावरचा प्रयोग

मुळाभोवतालच्या मातीचा पातळ थर हे एक वेगळेच गाव आहे, असे १९०४ साली जर्मनीतील लोरेन्झ हिल्टनर यांनी सांगितले आणि त्याला स्वतंत्र नाव दिले. त्या थरात जिवाणूंची दाटी शेतातल्या इतर मातीपेक्षा कितीतरी जास्त असते. कारण साधे आहे. तिथे जेवण मिळते. पाने उन्हात जे अन्न शिजवतात त्यातला काही वाटा मूळ बाहेर पाझरू देते: साखर, आम्ले, अमिनो आम्ले. आपण म्हणू, झाड आपली कमाई मातीत का सांडते? सांडत नाही. घरच्या गड्याला भाकरी द्यावी तशी ती देते.

या गड्यांपैकी एकाची हकीकत सांगतो. नाव अ‍ॅझोस्पिरिलम. त्याचा पूर्वपरिचय हॉलंडमधील डेल्फ्टचे शास्त्रज्ञ बायरिंक यांना १९२५ सालीच झाला होता. शेंगवर्गी पिकांच्या गाठींतला जिवाणू १८८८ साली वेगळा काढणारे आणि १९०१ साली अ‍ॅझोटोबॅक्टरचे वर्णन करणारेही हेच. पण अ‍ॅझोस्पिरिलमकडे पुढे कुणी फारसे वळले नाही. १९७०च्या दशकात ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या बाईंनी गवतांच्या मुळांत तो पुन्हा शोधला. मूळच्या युरोपातल्या या बाई महायुद्धानंतर ब्राझीलला आल्या आणि तिथल्या मातीतच त्यांनी उभे आयुष्य घालवले. १९७८ साली या जिवाणूला आजचे नाव मिळाले. नत्र धरणारा, वळणदार असा त्या नावाचा मथितार्थ.

नत्र धरतो म्हटल्यावर जगभर आनंद झाला. तूर-हरभऱ्याला जसा रायझोबियम, तसा बाजरी-गहू-मक्याला हा, अशी आशा वाटू लागली. आता युरियाची गोणी घ्यायला नको! पण मोजमाप केले तेव्हा हिशेब जुळेना. हा जिवाणू नत्र धरतो हे खरे, पण त्यातले बरेचसे आपल्याच पोटाला ठेवतो. गहू, मका, बाजरी यांना त्याच्याकडून थेट मिळणारे नत्र थोडेच. तरीही लावलेले पीक पुष्कळ ठिकाणी सरस दिसे. मग ही वाढ आली कोठून?

याचे उत्तर शोधताना अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टिएन, गॅस्किन्स आणि हबेल या तिघांनी जे पीक निवडले, ते आपल्या ओळखीचे निघाले. बाजरी! त्यांचा अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आधी जिवाणूला नुसत्या द्रवात वाढवले आणि त्या द्रवात काय काय सुटले ते तपासले. ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल दिले की जिवाणू त्याचे इंडोल अ‍ॅसिटिक आम्ल करी, म्हणजे तेच ऑक्झिन. ट्रिप्टोफॅन वाढवावे तसे ऑक्झिनही वाढे. शिवाय थोडे जिबरेलिन आणि त्याहून थोडी सायटोकायनिनसारखी द्रव्ये मिळाली. मग पाण्यात वाढवलेल्या बाजरीच्या रोपांना जिवाणू दिले. उपमुळांची संख्या वाढली आणि सगळी उपमुळे केशमुळांनी दाट भरली.

येथे थांबले असते तरी चालले असते. पण त्यांनी पुढची खातरजमा केली, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जिवाणू बाजूला ठेवून त्यांनी शुद्ध संजीवकेच बाजरीला दिली. एकटे जिबरेलिन दिले तर उपमुळे वाढली. एकटे सायटोकायनिन दिले तर केशमुळे वाढली, पण उपमुळे कमी झाली आणि मुख्य मूळ खुंटले. तिन्ही मिळून दिली, तेव्हा मुळाचे रूप जिवाणू लावलेल्या मुळासारखे आले. म्हणजे कुणा एकाची करामत नव्हे. भाजीत तिखट, मीठ, आंबट यांचा मेळ लागतो तसा हा मेळ.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील जुन्या शेती संशोधन केंद्रातही १९६०च्या दशकात अ‍ॅझोटोबॅक्टरबद्दल असेच दिसून आले होते. त्याआधी रशियात अ‍ॅझोटोबॅक्टर फार मोठ्या क्षेत्रावर वापरला गेला. फायदा कुठे दिसे, कुठे दिसत नसे. आणि जिथे दिसे तिथेही नत्राच्या हिशेबाने तो समजत नसे. रॉथमस्टेडच्या प्रयोगांनी बोट दाखवले ते संजीवकांकडे.

ऑक्झिन जास्त झाले तर?

तुम्ही म्हणाल, मग पाकिटे दुप्पट लावू, मुळे दुप्पट होतील. अगदी हेच करू नका. मघाशी टू-फोर-डीची आठवण करून दिली ती यासाठीच. ऑक्झिनाने उपमुळे आणि केशमुळे फुटतात, पण मुळाची लांबी वाढणे थांबते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९९ साली गव्हावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. अ‍ॅझोस्पिरिलम लावलेल्या रोपांची मुळे आखूड झाली आणि केशमुळे वाढली. ऑक्झिन फारच कमी करणारा त्याच जिवाणूचा एक बदललेला वाण लावला, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. ऑक्झिनच हे करते याचा याहून सरळ पुरावा कोणता? आणि जिवाणूंची संख्या वाढवत नेली तसे मूळ अधिकच आखूड झाले.

थोडे आखूड पण दाट मूळ आपल्याला हवे आहे; खुंटलेले मूळ नको. म्हणून शिफारशीची मात्रा ही कंजुषी नसून मोजूनमापून ठरवलेली गोष्ट आहे. मीठ सांडल्यावर आमटी चांगली होत नाही.

पावसाने दडी मारली म्हणजे

आता इथिलीनकडे वळू, कारण कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा संबंध इथेच येतो. पेरणी होते, रोप वितीएवढे होते आणि पाऊस दडी मारतो. किंवा उलट, काळ्या भारी जमिनीत आठ-आठ दिवस झड लागते आणि पाणी तुंबते. दोन्ही वेळी रोप हाय खाते. त्याच्या अंगात इथिलीन वाढते. आंब्याला पिकवणारा हा वायू कोवळ्या मुळाला मात्र थोपवतो; 'पुढे जाऊ नको, दिवस वाईट आहेत' असा त्याचा सांगावा असतो. तुंबलेल्या मातीत तो बाहेरही पडू शकत नाही, मुळाभोवतीच कोंडतो. टोमॅटोच्या वाफ्यात पाणी साचले की पाने खाली लोंबू लागतात, ते पाहिलेच असेल. त्यामागेही हाच वायू.

इथिलीन तयार होण्याआधी झाड एक कच्चा माल बनवते. त्याचे लांबलचक नाव सोडून देऊ. शास्त्रज्ञ त्याला एसीसी म्हणतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडले, की मुळाभोवतीचे काही जिवाणू हा कच्चा मालच खाऊन टाकतात. त्यांच्यापाशी त्याचे तुकडे करणारे एक विकर असते, आणि त्यातले नत्र त्यांना अन्न म्हणून मिळते. मुळातून एसीसी पाझरते, जिवाणू ते खातो, म्हणून मुळात इथिलीन कमी बनते आणि मूळ खाली जात राहते. जिवाणूला पुण्य कमवायचे नसते, त्याला भूक असते. पण त्याच्या भुकेने आपल्या पिकाचे आठवडाभराचे मरण टळू शकते.

सगळ्याच जिवाणूंत ही ताकद नाही. काही स्युडोमोनास आणि इतर काही वंशांत ती आढळते. पण यावरून एवढे लक्षात यावे, की मातीतले जिवाणू एका बाजूने 'फूट, वाढ' असा सांगावा घालतात आणि दुसऱ्या बाजूने 'थांब' म्हणणारा सांगावा अर्ध्या वाटेत अडवतात. पावसाच्या खंडात ज्या रोपाचे मूळ चार बोटे खोल आणि दाट आहे, ते दुपारी कोमेजले तरी सकाळी उभे राहते. शेजारचे माना टाकते. बी तेच, पाऊस तोच.

शेंगवर्गी पिकांतही हेच आहे. रायझोबियम मुळाला खुणावतो, मुळात सायटोकायनिनाचा खेळ सुरू होतो आणि गाठ बांधली जाते. मात्र तिथे नत्राचा लाभ खराच मोठा असतो. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच सांगतो, की सोयाबीनचा रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही. दुकानदार 'सगळ्याला चालते' म्हणाला तर पाकीट परत करा.

किती भरवसा धरावा

इस्रायलमधील याकोव ओकोन आणि उरुग्वेतील लाबांदेरा-गोन्झालेस यांनी जगभर वीस वर्षांत झालेल्या अ‍ॅझोस्पिरिलमच्या शेतावरील प्रयोगांचा आढावा १९९४ साली घेतला. शंभरांतल्या साठ ते सत्तर प्रयोगांत उत्पन्न वाढले होते आणि ती वाढ साधारण शेकडा ५ ते ३० होती. याचा दुसरा अर्थही तुम्ही लगेच काढाल. शंभरांतले तीस-चाळीस प्रयोग वाया गेले. जो विक्रेता हमखास दीडपट पिकाची हमी देतो त्याला हे आकडे सांगा.

फरक कशाने पडतो? याच आढाव्यातून दिसले, की खताची आणि पाण्याची स्थिती मध्यम असते तिथे या जिवाणूचा गुण जास्त दिसतो. याचे कारण उघड आहे. जमिनीत अन्नच नसेल, तर दाट मूळ काय ओढणार? रिकाम्या विहिरीला दहा मोटा लावून उपयोग नाही. आणि युरियाचा मारा इतका असेल, की आखूड मुळालाही पायाशी अन्न मिळते, तर जादा मुळांची गरजच उरत नाही. म्हणून जिवाणू लावले तर खत बंद, हा हिशेब चुकीचा आहे. शेणखत, थोडे मोजके वरखत आणि जिवाणू, अशी जोडी जमली तर कोरडवाहू बाजरी-ज्वारीत त्याचे चीज होते.

शिवाय जमिनीत आधीच असलेल्या लाखो जिवाणूंत नवख्याला जागा धरणे सोपे नसते. मुळापासून दूर, नुसत्या मातीत अ‍ॅझोस्पिरिलम फार काळ टिकत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, मूळ कोवळे असते तेव्हाच त्याचा काय तो हात लागतो. सगळी धडपड बियाण्यालाच लावण्याची असते ती यासाठी. पीक फुलोऱ्यात आल्यावर पाकीट आणून फेकले, तर ते पैसे मातीत गेले म्हणून समजा.

पाकीट आणणे आणि लावणे

जिवाणू खताचे पाकीट म्हणजे औषधाची पुडी नव्हे. ते जिवंत जनावर आहे. २००६ साली जिवाणू खते सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या रूपातल्या अ‍ॅझोस्पिरिलममध्ये दर ग्रॅमला निदान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत असा दंडक आहे. एवढे मोजायला आपल्याकडे यंत्र नाही, पण पाकिटावरची तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख, जिवाणूचे नाव आणि पीक वाचायला यंत्र लागत नाही. दुकानात ते कुठे ठेवले होते तेही पाहा. पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या तिरपेत महिनाभर पडलेले पाकीट तारखेत असूनही मेलेले असू शकते. आपल्या कृषी विद्यापीठांतही ही संवर्धने तयार करून विकतात. कुणी नातेवाईक त्या बाजूला जात असेल तर आणायला सांगावे. घरी आणल्यावर माठाशेजारी, गार अंधाऱ्या जागी ठेवावे. खताच्या आणि फवारणीच्या औषधांच्या फळीवर ठेवू नये.

बियाण्याला लावण्याचे काम पुष्कळ घरांत बायकाच करतात, आणि हाताला अंदाज असल्यामुळे त्या ते चांगले करतात. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट, म्हणजे किलोला पंचवीस ग्रॅम. एकरभर बाजरीला दीड-दोन किलोच बी लागते, तेव्हा एका पाकिटात दोघातिघांचे काम होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून आणावे. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ विरघळवून ते पाणी पुरते गार होऊ द्या. गरम पाण्यात जिवाणू टाकले तर सगळा खटाटोप तिथेच संपला. बियाण्याला ओलावा येईल इतपतच गुळाचे पाणी घ्यावे. बी लिबलिबीत झाले तर तिफणीच्या चाड्यात चिकटते. त्यात संवर्धन कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, साल निघू देऊ नका. मग गोणपाटावर सावलीत पसरा आणि सुकले की त्याच दिवशी पेरा. उन्हात कधीही वाळवू नका.

बुरशीनाशक वा कीटकनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. संकरित बाजरीचे बी पुष्कळदा कारखान्यातूनच रंगीत औषध लावून येते. अशा बियाण्यावर जिवाणू लावून दिवसभर ठेवले तर ते औषधच त्यांना मारील. त्यापेक्षा एकरी दोन किलो संवर्धन पन्नास किलो चाळलेल्या, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावे, किंचित ओल ठेवावी आणि पेरणीच्या वेळी तासात द्यावे. रासायनिक खताबरोबर एकाच चाड्यातून मात्र नको. रंगीत बी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले बी कोंबड्यांपुढे टाकू नये, हे जाता जाता सांगतो.

भाताचे आवण काढल्यावर, कांद्याची वा टोमॅटोची रोपे लावताना, संवर्धन कालवलेल्या पाण्यात मुळे काही वेळ बुडवून लावण्याची पद्धत आहे. मूळ थेट जिवाणूत बुडते, त्यामुळे ही रीत बरी. उसाच्या बेण्यासाठी निराळा जिवाणू असतो. उसाच्या पेरात राहणारा तो जिवाणू डोबेराइनर बाईंच्याच प्रयोगशाळेने १९८८ साली जगापुढे आणला. तिथे नत्राचा भागही मोठा आहे, पण त्याची कथा वेगळी आणि मोठी आहे.

आपल्याच शेतात पडताळा

नाशिक, धुळे, बीडकडे बाजरी पेरणाऱ्यांनी तरी यंदा हे करून पाहावे. सगळ्या शेताला जिवाणू लावताना मधल्या सहा ओळी तशाच ठेवा. बी तेच, खत तेच, पेरणीही त्याच दिवशी. बांधाकडेच्या ओळी घेऊ नका, तिथले पीक नेहमीच वेगळे असते. आधी जिवाणू न लावलेल्या ओळी पेरा, मग लावलेल्या. नाहीतर चाड्यातले उरलेले जिवाणू तिकडेही जातील. कुठून कुठपर्यंत ते दाखवायला काठ्या रोवा, कारण महिन्याने कुणालाच आठवत नाही.

विसाव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच रोपे वर सांगितल्याप्रमाणे खणून, धुऊन, पांढऱ्या नव्हे तर काळ्या कापडावर मांडा. पांढरी केशमुळे काळ्यावर उठून दिसतात. शाळेत जाणारी मुले घरात असतील तर उपमुळे मोजण्याचे काम त्यांना द्या. त्यांचे डोळे तीक्ष्ण असतात आणि मोजणीत ती आपल्यासारखी आपल्या मनाजोगती लबाडी करत नाहीत. एकाच रोपावरून निकाल लावू नका, एखादे रोप उगीचच दांडगे असते. मग काढणीला दोन्हीकडच्या सारख्या लांबीच्या ओळींची कणसे वेगळी मळून दाणे तोला.

फरक न दिसला तर त्यावरूनही काही कळते. पाकीट मेलेले असेल, पेरणीला उशीर झाला असेल, जमिनीत स्फुरद फारच कमी असेल किंवा त्या वर्षी पाऊस इतका वेळेवर पडला असेल, की आखूड मुळांचेही भागले. माती परीक्षणाचा कागद असेल तर तो काढून पाहा. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणचे पाकीट आणून तेवढ्याच सहा ओळी सोडा. सलग तीन हंगाम वजनात फरक न पडला, तर त्या जमिनीत, त्या पिकाला पाकिटाचा खर्च करू नका. ते पैसे शेणखताच्या गाडीला द्या. शेणखताने जमिनीतल्या मूळच्याच जिवाणूंना चारा मिळतो, आणि संजीवके करणारे त्यांच्यातही पुष्कळ असतात.